कडीच्या डब्यातला रस

माझ्या धाकट्या दिराची ख्याती अशी, की जगातल्या कुठल्याही शहरात विमानातून उतरल्यावर तासाभरात त्याच्या हातात भरलेला ग्लास असतो. ही ख्याती त्याने स्वतःच पसरवलेली आहे. लग्नात, मुंजीत, एकदा तर कुणाच्या तेराव्याच्या पंगतीतसुद्धा त्याने ती ऐकवली होती. कुठल्या गावात टॅक्सीवाल्याने मागच्या दाराने नेलं, कुठे चहाच्या किटलीतून बिअर आली, सगळं त्याला तोंडपाठ. त्या देशांत आणखी काय बघितलं असं मी एकदा विचारलं, तर जरा विचार करून म्हणाला, "बाकी सगळीकडे सारखंच असतं हो, वहिनी."

असा हा गृहस्थ कंपनीच्या कामाला तीन दिवसांसाठी कुवेतला आला, आणि आला तो नेमका रमजानात.

आम्ही तेरा वर्षं इथे आहोत. नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर, मी मिरकाबमधल्या एका ऑफिसात, आणि राहायला सालमियाला. इथे दारू कुठल्याच महिन्यात मिळत नाही आणि रमजानात दिवसाउजेडी रस्त्यावर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नसतो, हे मी त्याला फोनवर दोनदा सांगितलं होतं. तो हसला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही सरळमार्गी माणसं. तुम्हाला कुणी सांगत नाही, एवढंच."

विमानतळावर त्याची बाटली गेली. सामान यंत्रातून गेलं, पडद्यावर बाटली दिसली, आणि उपाशीपोटी सकाळपासून उभ्या असलेल्या त्या कस्टमवाल्याने ती काढून घेतली. दिराने त्याला बिल दाखवलं. ड्यूटी फ्रीमधून रीतसर घेतल्याचं बिल! बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा, की मला वाटलं घरी काही वाईट झालं. सालमियापर्यंतच्या अख्ख्या रस्त्यात त्याने भावाची चौकशी केली नाही, पुतणीची केली नाही. बाटली बारा वर्षं मुरलेली होती, हे मात्र चार वेळा सांगितलं.

आता खालच्या भाभींबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरं तर त्यांची आहे. आम्ही पाचव्या मजल्यावर, त्या तिसऱ्या. माणसं रत्नागिरीकडची. नवऱ्याचं शुवैखला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, घरात म्हाताऱ्या सासूबाई आणि कॉलेजात जाणारी लेक. माझी मुलगी दोन वर्षांची असल्यापासून भाभींकडे वाढली. आता ती नऊ वर्षांची आहे. शाळा सुटल्यावर तिथेच जाते, तिथेच जेवते, मी ऑफिसातून येईपर्यंत तिथेच पसरते. सात वर्षांत त्या बाईने तिला एकदाही "आज नको" म्हटलेलं नाही. मी पैशांचं विचारलं होतं पहिल्याच महिन्यात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की परत विषय काढायची माझी छाती झाली नाही. या गावात माझी नोकरी, माझं घर, माझं डोकं, जे काही ठिकाणावर आहे ते भाभींच्या भरवशावर.

रमजानात रोज संध्याकाळी त्यांच्याकडून कडीचा डबा वर येतो. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, त्यांच्या आईने लग्नात दिलेला. बुडाशी त्यांच्या आईचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. त्यात कधी खीर, कधी फिरनी, कधी गुलाबी सरबत. आणि दुसऱ्या दिवशी तो डबा मी परत करते तो भरून. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. निदान चार साखरेचे दाणे तरी टाकायचे. माझ्या आईने हे मला शिकवलं आणि मी मुलीला. तिला मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, पण हे एवढं मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं आहे, याचा मला कोण अभिमान होता!

तर पहिल्याच दिवशी दुपारी लिफ्टमध्ये भाभींचे मिस्टर भेटले. दुकान लवकर बंद करून आलेले, ओठ कोरडे पडलेले, हातात खजुरांचा खोका. मी ओळख करून दिली. रत्नागिरीचं नाव ऐकताच दिराचे डोळे चमकले. "म्हणजे आपलेच की!" म्हणाला, आणि अंगठा ओठांशी नेऊन विचारलं, "इथे काही सोय?"

मला लिफ्टच्या जमिनीतून खाली जावंसं वाटलं. ते बिचारे हसले. म्हणाले, "साहेब, माझा रोजा हाय. तुमी पाण्याचा जरी इच्यारलाव तरी माझ्याकडं नाय आता." आणि तिसऱ्या मजल्यावर उतरताना वळून मला म्हणाले, "पावणे आलेत. डबा मोठा पाठवायला सांगतो." त्या संध्याकाळी फिरनी खरोखरच दुप्पट आली. दिराने ती वाटीभर खाल्ली आणि म्हणाला, "माणूस चांगला आहे, पण उपयोगाचा नाही."

दुसऱ्या दिवशी मीटिंग आटोपल्यावर तो शोधाला निघाला. भर दुपारी एका हॉटेलच्या काउंटरवर जाऊन तिथल्या केरळी बाईला त्याने विचारलं, की बिनअल्कोहोलच्या बिअरच्या जरा पुढचं काही आहे का. तिने सांगितलं, की बिनअल्कोहोलचीसुद्धा सूर्यास्तानंतर. मग उन्हाने तहान लागली म्हणून फुटपाथवर उभं राहून बाटलीतलं पाणी प्यायला. समोरच्या गाडीतला माणूस काच खाली करून ओरडला, तेव्हा हा घाबरून जो पळाला तो एका शिंप्याच्या दुकानात शिरला आणि तिथे वीस मिनिटं पडद्यांची कापडं बघत बसला. हे सगळं त्याने घरी येऊन शौर्यकथेसारखं सांगितलं. ऐकताना माझ्या डोक्यात तिडीक गेली. जगभर फिरलेला, दोन मुलांचा बाप, केस पिकायला लागलेले, आणि तीन दिवस घसा कोरडा राहिला तर ह्याच्या अस्तित्वालाच धक्का!

आणि माझा नवरा? त्याला भावाची दया आली.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या स्टोअररूममध्ये, इस्त्रीच्या टेबलामागे, पाण्याच्या निळ्या कॅनमध्ये द्राक्षाचा रस असतो, आणि तो नुसता रस राहिलेला नसतो. ही करामत नवऱ्याच्या मित्रमंडळींची. पाळीपाळीने एकेकाच्या घरी कॅन. दिवसभर रिफायनरीत सुरक्षिततेचे नियम लोकांना शिकवायचे, आणि घरी येऊन अंधाऱ्या खोलीत कॅनला कान लावून बुडबुड ऐकायची. गुरुवारी रात्री हीच मंडळी तो आंबट काढा ग्लासात गोल गोल फिरवतात, नाकाशी नेतात आणि म्हणतात, "या वेळी बॉडी आली आहे." बॉडी! पकडले गेले तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होऊन पुढच्या विमानाने घरी, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या भीतीमुळेच त्यांना तो काढा चांगला लागतो, असं माझं मत आहे.

आणि मी त्यातली नाही, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मीही अर्धा ग्लास घेते. नाक मुरडत घेते, पण घेते.

बुधवारी रात्री नवऱ्याने तो रस गाळून द्राक्षाच्या रसाच्याच रिकाम्या बाटल्यांत भरला, लेबलांसकट, आणि गार व्हायला फ्रिजमध्ये लावला. गुरुवारी भावासाठी मेजवानी होती. मुलगी पाणी प्यायला आली आणि तिने विचारलं, हे काय. नवरा म्हणाला, "ग्रेप ज्यूस. मोठ्यांचा आहे, पार्टीसाठी. तू तुझा मँगो घे." ती बरं म्हणून गेली. मी तिथेच भेंडी चिरत होते. मी मान वर केली नाही.

गुरुवारी ऑफिसातून आले तेव्हा डोकं ठणकत होतं. भाभींकडून मुलीला घेतलं, मटण शिजायला टाकलं आणि दहा मिनिटं म्हणून आडवी झाले. डबा ओट्यावर होता, आदल्या दिवशीचा, घासून ठेवलेला. त्यात नारळाच्या वड्या भरून द्यायच्या होत्या. वड्या करायला मला वेळच झाला नव्हता. डोळा लागला.

उठले ते मुलीच्या आवाजाने. ती पलंगाशी उभी होती, खूश. "आई, आय गेव्ह आंटीज डबा बॅक."

"रिकामा दिलास?"

"नो! यू सेड नेव्हर एम्प्टी. वडी नव्हती, सो आय पुट द ग्रेप ज्यूस. फुल. फॉर देअर इफ्तार."

मी घड्याळात बघितलं. रोजा सुटायला सहा मिनिटं होती.

लिफ्ट तळमजल्यावर अडकलेली. मी अनवाणी जिन्याने धावले. दोन मजले उतरायला किती वेळ लागतो? तेवढ्यात मला सगळं दिसून गेलं. पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या त्या सासूबाई. तो पहिला घोट. माझ्या मुलीच्या हातून गेलेला. आयुष्यात ज्या गोष्टीला त्या माणसांनी बोट लावलेलं नाही, ती आमच्या घरून, त्यांच्याच आईच्या डब्यातून, त्यांच्या इफ्तारला.

दार रमजानात नेहमी असतं तसं लोटलेलंच होतं. आत जमिनीवर चादर अंथरलेली, तिच्याभोवती चौघं बसलेली. खजूर, भजी, कलिंगडाच्या फोडी. टीव्हीवर रोजा सुटल्याची तोफ उडवायला उभे असलेले शिपाई. भाभींचे मिस्टर डोळे मिटून काही पुटपुटत होते. आणि चारी जणांपुढे काचेचे ग्लास, जांभळ्या रसाने काठोकाठ भरलेले. सासूबाईंनी एका हातात खजूर घेतला होता आणि दुसरा हात ग्लासाला लावून ठेवला होता.

"रस पिऊ नका," मी म्हटलं. धाप लागल्यामुळे ते ओरडल्यासारखंच झालं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेकीने विचारलं, "काय झालं, आंटी?"

खरं सांगायला मला एक क्षण मिळाला होता. तो मी वापरला तो असा: "नासलाय. फ्रिज बंद पडला होता. आंबलाय तो."

भाभी उठल्या. त्यांनी डबा उचलला, झाकण काढलं. तो एकदाच नाकाशी नेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी निभावून नेलं असतं, भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण त्या नुसत्या बघत होत्या, जणू सात वर्षांतलं एकेक काहीतरी आठवून पाहत होत्या. मग त्यांनी चारही ग्लास ताटात ठेवले आणि आत गेल्या. मी मागोमाग गेले.

त्यांनी एकेक ग्लास सिंकमध्ये ओतला. डबा ओतला. नळ पूर्ण सोडला. स्वयंपाकघरभर तो आंबूस वास पसरला आणि खिडकी उघडायला मीच पुढे झाले, जणू तेवढं केलं की माझं काम झालं.

"भाभी, मुलीला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"पोरीला काय म्हायत असनार, ताई," त्या म्हणाल्या. पोरीला. तो एक शब्द त्यांनी अगदी सावकाश उच्चारला.

तेवढ्यात टीव्हीवर तोफ झाली. खालच्या मशिदीतून अजान आली. बाहेरून सासूबाईंनी मोठ्याने विचारलं, काय झालं, रस कुठे गेला. भाभींनी हात पुसत उत्तर दिलं, "काय नाय, अम्मा. रस आंबला व्हता."

माझं खोटं त्यांनी स्वतःच्या तोंडून बोलून दाखवलं. रोजा सुटायच्या वेळी, स्वतःच्या सासूला. मग ताटलीतून एक खजूर उचलून माझ्या हातात दिला. "घ्या. असं जाऊ नये या वक्ताला." मी तो खाल्ला.

वर आले तेव्हा दोघे भाऊ दारातच उभे होते. मुलीकडून त्यांना सगळं कळलं होतं. मी सांगितलं, की सगळं ओतून टाकलं.

"सगळं?" दीर म्हणाला. "अख्खा डबा?" आणि दोन्ही हातांनी हवेत डब्याचा आकार करून बघायला लागला, की किती गेलं असेल. "न कळता घेतली असती तर त्यांना पाप थोडंच लागलं असतं, वहिनी. उगाच धावलात."

नवऱ्याने विचारलं, "ते कुणाला बोलणार नाहीत ना?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला दोन माणसांची इतकी शिसारी आली नव्हती. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. भाऊजी, तुमची जीभ छाटून बाटलीत घालून ठेवा, असं काहीतरी बोलल्याचं आठवतं. उरलेल्या बाटल्या ओतायला मी फ्रिजकडे गेलेसुद्धा. नवऱ्याने हात धरला. म्हणाला, सात वाजता लोक यायचेत, आता काय तमाशा करायचा.

आणि मी नाही केला. हे लिहायला मला लाज वाटते, पण नाही केला. लोक आले. मी मटण वाढलं. ग्लास पुसून दिले. दिराने पहिला घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, "दादा, व्हिनेगर आहे रे. पण कुवेत झालं!" सगळे हसले. त्या रात्री मी घेतली नाही. त्याबद्दल स्वतःचं थोडं कौतुक वाटायला लागलं होतं, तेवढ्यात एकाने रिकामा ग्लास पुढे केला आणि मी तो भरून दिला.

शुक्रवारी पहाटे दीर गेला. आता ही गोष्ट तो पुण्यात सांगतो. त्यात मी गाऊन घालून जिना उतरते आणि सासूबाईंच्या ओठांना ग्लास लागतच असतो. लोक पोट धरून हसतात म्हणे. भाभींना त्याने त्या गोष्टीत एकही वाक्य दिलेलं नाही.

कॅन मी शनिवारी फोडला. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मी वाट बघत होते ती दाराच्या घंटीची. शुक्रवार आणि शनिवार कोरडे गेले. मुलीला भाभींकडे पाठवू की नको या विचारात मी रविवारी ऑफिसात आठ वेळा फोन हातात घेतला. शेवटी त्यांचाच आला. "पोर आली शाळेतनं. जेवली. तुमी काळजी करू नका." आवाज नेहमीचाच होता. मी खाली जाऊन खरं सांगायचं ठरवलं. दारापर्यंत गेले. आत त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर तो कडीचा डबा पालथा घातलेला दिसला, लखलखीत घासलेला. भाभी म्हणाल्या, "पोरीचा दप्तर ऱ्हायलाय, थांबा," आणि दप्तर आणून दिलं. मी दप्तर घेऊन वर आले.

संध्याकाळी घंटी वाजली. मुलीने दार उघडलं आणि धावत आत आली. हातात खीर. वर पिस्त्याचे काप, नेहमीसारखे. पण डबा तो नव्हता. दुकानात दहाच्या गठ्ठ्याने मिळतो तसला ॲल्युमिनियमचा होता, पुठ्ठ्याच्या झाकणाचा, एकदा वापरून फेकायचा.

ईद होईपर्यंत रोज तसलाच आला. खीर, फिरनी, कशात काही कमी नाही. गोडसुद्धा तेवढंच.

त्या पहिल्या संध्याकाळी मुलीने खीर संपवली, तो डबा धुतला, फडक्याने पुसला आणि ओट्यावर नेहमीच्या जागी ठेवला. मग मला विचारलं, "आई, व्हॉट शुड वी पुट इन इट?"

"काही नाही," मी म्हटलं. "तो परत करायचा नसतो."